कुलूप घेण्याआधी: अँटिव्हायरसचा इतिहास आणि आपला घरचा संगणक



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर मुलांचा, नाहीतर दुकानदाराचा विषय. पण आता तसं राहिलेलं नाही. गटाचं कर्जखातं, मासिक बैठकीचे ठराव, सभासदांच्या आधारकार्डाच्या आणि पासबुकाच्या प्रती, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी, शिवाय मुलीची गुणपत्रिका आणि नणंदेच्या लग्नाचे फोटो, हे सगळं बऱ्याच घरांत एकाच संगणकात असतं. तो संगणक दुरुस्तीला नेला की दुकानदार विचारतो, "वहिनी, अँटिव्हायरस कोणता टाकू?" आणि आपण म्हणतो, "तुम्हाला योग्य वाटेल तो टाका." गटात पन्नास रुपयांच्या खर्चाचीही पावती मागणाऱ्या आपण इथे मात्र काहीच विचारत नाही, कारण काय विचारायचं तेच माहीत नसतं.

ते कळायचं असेल तर अँटिव्हायरस नावाची वस्तू मुळात कशासाठी आली, हे पाहावं लागतं. पन्नासएक वर्षांचा इतिहास आहे. आणि तो नीट पाहिला तर कोणता अँटिव्हायरस घ्यावा, याचं बरंचसं उत्तर त्यातच सापडतं.

खोडीपासून सुरुवात

१९७१ साली अमेरिकेत बॉब थॉमस नावाच्या अभियंत्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव क्रीपर. तेव्हा इंटरनेट नव्हतं, पण त्याचा पूर्वज असलेलं आर्पानेट नावाचं जाळं होतं. क्रीपर त्या जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर जायचा आणि 'मी क्रीपर आहे, जमलं तर पकडा' अशा अर्थाचा संदेश दाखवायचा. तो काही बिघडवत नव्हता. प्रोग्रॅम स्वतःहून प्रवास करू शकतो का, एवढंच पाहायचं होतं. त्याला शोधून पुसून टाकण्यासाठी रे टॉमलिन्सन यांनी रीपर नावाचा दुसरा प्रोग्रॅम लिहिला. ईमेलचा शोध लावणारे टॉमलिन्सन ते हेच. अँटिव्हायरसचा पहिला पूर्वज म्हणून रीपरचं नाव घेतलं जातं.

पुढे १९८२ मध्ये रिच स्क्रेन्टा या पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने मित्रांची खोडी काढायला एल्क क्लोनर लिहिला. तो अ‍ॅपलच्या संगणकांवर फ्लॉपीतून पसरायचा आणि पन्नासाव्या वेळी फ्लॉपी चालवली की पडद्यावर एक कविता यायची. तरुण मुलींनी कदाचित फ्लॉपी पाहिलीही नसेल. पातळ, चौकोनी, पापुद्र्यासारखी तबकडी. माहिती इकडून तिकडे न्यायची तर ती हातात घेऊन जावं लागायचं.

या प्रकाराला व्हायरस हे नाव चिकटलं ते १९८३-८४ च्या सुमारास. फ्रेड कोहेन हे विद्यार्थी यावर प्रयोग करत होते आणि हा शब्द त्यांचे प्राध्यापक लेन एडलमन यांनी सुचवला. शब्द अगदी चपखल होता. सर्दीचा विषाणू स्वतः जगू शकत नाही, त्याला आपलं शरीर लागतं. संगणकाच्या व्हायरसलाही दुसरा प्रोग्रॅम लागतो. त्याला चिकटायचं, तो चालला की आपण चालायचं आणि पुढच्याला लागण करायची.

याच कोहेन यांनी १९८७ मध्ये गणिताने एक गोष्ट सिद्ध केली, ती लक्षात ठेवा. प्रत्येक व्हायरस हमखास ओळखेल आणि कधीही चुकणार नाही, असा प्रोग्रॅम बनूच शकत नाही. म्हणून कोणी "आमचा अँटिव्हायरस शंभर टक्के संरक्षण देतो" असं सांगू लागलं, तर ते १९८७ पासूनच खोटं आहे.

लाहोरचे दोन भाऊ आणि फ्लॉपीचा काळ

आज ज्या प्रकारचे संगणक आपल्या घरात आहेत, त्यांच्या कुळातल्या यंत्रांवरचा पहिला व्हायरस आपल्या शेजारीच तयार झाला. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी ब्रेन नावाचा व्हायरस लिहिला. आपण बनवलेल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती काढल्या जातात, त्या कुठे जातात हे कळावं, असा हेतू असल्याचं ते सांगत. व्हायरसमध्ये त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. ब्रेन फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात परदेशांत पोचला आणि लाहोरच्या दुकानात फोन खणखणू लागले. पंचवीस वर्षांनी, २०११ मध्ये, फिनलंडचे सुरक्षातज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन त्या पत्त्यावर गेले, तर दार त्याच भावांनी उघडलं.

१९८७ मध्ये मात्र खोडीचं रूप बदललं. जेरुसलेम नावाचा व्हायरस तेरा तारखेला शुक्रवार आला की त्या दिवशी चालवलेले प्रोग्रॅम पुसून टाकायचा. साहजिकच त्याच सुमारास जर्मनीत, अमेरिकेत, चेकोस्लोव्हाकियात अँटिव्हायरस लिहिणारे लोक पुढे आले. जॉन मॅकॅफी यांची कंपनी १९८७ ची. अ‍ॅव्हास्टची मुळं प्रागमध्ये १९८८ पर्यंत जातात. नॉर्टन अँटिव्हायरस १९९१ मध्ये बाजारात आला.

या सगळ्यांची काम करण्याची पद्धत एकच होती. सापडलेल्या प्रत्येक व्हायरसची ओळखीची खूण टिपून यादी करायची आणि संगणकातल्या फायली त्या यादीशी पडताळून पाहायच्या. पोलीस ठाण्यात सराईत चोरांचे फोटो लावलेले असतात ना, तसंच. यादीत फोटो असेल तर चोर सापडतो, नवखा चोर बिनधास्त निघून जातो. म्हणून ती यादी सतत नवी करावी लागते. अँटिव्हायरस 'अपडेट' मागतो तो त्यासाठी. पुढे नव्या चोरालाही त्याच्या वागण्यावरून ओळखायची पद्धत आली. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फायली उघडून बदलू लागला तर त्याला अडवायचं. हे उपयोगाचं आहे, पण यात कधीकधी चोर सोडून संन्याशाला फाशी होते. चांगल्या प्रोग्रॅमलाही व्हायरस ठरवलं जातं.

रहिमतपूरचे काटकर बंधू

आता आपल्या मातीतली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरशी नातं असलेले कैलास काटकर पुण्यात वाढले. दहावीनंतर ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे स्वतःचं दुकान काढलं आणि संगणकही दुरुस्त करू लागले. धाकटा भाऊ संजय यांनी संगणकाचं शिक्षण घ्यावं, असा त्यांचा आग्रह होता. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी संगणकांचं मूळ दुखणं व्हायरस असायचं. संजय यांनी ते काढायला छोटे प्रोग्रॅम लिहिले, गिऱ्हाईकांना ते आवडले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर त्यातूनच क्विक हील हा अँटिव्हायरस उभा राहिला. तेव्हा त्यांच्या कंपनीचं नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं. २००७ मध्ये ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. चेन्नईची के सेव्हन ही कंपनीही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची.

ही गोष्ट अभिमान वाटावा अशी आहे, आणि मी ती सांगते ती आणखी एका कारणासाठी. दुरुस्तीच्या टेबलावरून आलेल्या या माणसांना माहीत होतं की इथल्या गिऱ्हाइकाला नुसता प्रोग्रॅम पुरत नाही. अडलं तर विचारायला जवळ कोणीतरी लागतं. आजही अँटिव्हायरस निवडताना मदत कोण देणार आणि कोणत्या भाषेत देणार, हा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. मात्र माल आपल्याकडचा आहे म्हणून डोळे झाकून घ्यावा असंही नाही. गटाचा मसाला लोक एकदा कौतुकाने घेतात, दुसऱ्यांदा चवीनेच घेतात.

भीती विकणारे

१९९२ साली मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसची जगभर बोंब झाली. ६ मार्चला, म्हणजे त्या थोर शिल्पकाराच्या जन्मदिवशी, तो संगणकातली माहिती नष्ट करणार होता. पन्नास लाख संगणक बाधित असतील, इथपर्यंत आकडे सांगितले गेले. लोकांनी धडाधड अँटिव्हायरस विकत घेतले. प्रत्यक्षात फटका बसला तो काही हजार संगणकांना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा.

पुढे या भीतीचाच धंदा झाला. २००० नंतरच्या दशकात खोट्या अँटिव्हायरसचं पेव फुटलं. इंटरनेटवर काही पाहत असताना पडद्यावर लाल पाटी यायची: तुमच्या संगणकात अमुक इतके व्हायरस सापडले, लगेच हे घ्या. पैसे भरले की काही मिळायचं नाही, उलट तीच वस्तू व्हायरस असायची. अशा पाट्या अजून येतात, त्यावर आता फोन नंबरही असतो. खरी कंपनी अशी पाटी लावून फोन करायला सांगत नाही. पाटी बंद करायची, बंद होत नसेल तर संगणकच बंद करायचा, पण त्या नंबरवर बोलायचं नाही.

व्हायरस लिहिणारे तरी कोण असतात? १९९० च्या दशकात सारा गॉर्डन या अमेरिकन संशोधक बाईंनी थेट त्या मुलांशी बोलून अभ्यास केला. लोकांच्या मनात एक चित्र होतं: काळोख्या खोलीत बसलेला विकृत माणूस. गॉर्डन यांना आढळलं की त्यांचा असा एकच साचा नाही. वयं वेगळी, स्वभाव वेगळे, बरेच जण तर अगदी साधी मुलं. आज मात्र चित्र पालटलं आहे. खोडीची जागा पैशाने घेतली आहे.

प्रेमपत्र आणि कायदा

२६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच, म्हणजेच चेर्नोबिल नावाच्या व्हायरसने आशियातल्या अनेक देशांत हाहाकार केला. भारतालाही त्याची झळ पोचली. तैवानच्या एका विद्यार्थ्याने तो लिहिला होता. हा व्हायरस हार्ड डिस्कवरची माहिती तर खराब करायचाच, काही संगणकांची चालू होण्याची मूळ सूचनाही पुसायचा. चोरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरमधून तो खूप पसरला. 'फुकटात क्रॅक करून देतो' म्हणणाऱ्यांकडून आजही तशीच लागण होते.

वर्षभराने, मे २००० मध्ये, फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' निघाला. ओळखीच्या माणसाकडून ईमेल यायची, सोबत प्रेमपत्र असल्याचं लिहिलेलं. उघडलं की घरातले फोटो बिघडायचे आणि तेच पत्र आपल्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना जायचं. यात संगणकाचं कुलूप कोणी तोडलं नव्हतं. माणसाने स्वतः दार उघडलं होतं, कारण पत्र ओळखीच्याकडून आलं होतं. ते लिहिणारा तरुण सापडला, पण फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा गुन्ह्याचा कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस सोडणं स्पष्ट शब्दांत आलं आहे आणि कलम ६६ खाली ते अप्रामाणिक हेतूने केलं तर शिक्षा आहे.

ओलीस धरलेली माहिती

खंडणीची कल्पना तशी जुनीच. १९८९ मध्ये एड्सविषयी माहिती असल्याचं भासवणाऱ्या सुमारे वीस हजार फ्लॉप्या टपालाने लोकांना पाठवल्या गेल्या. संगणक ठराविक वेळा सुरू झाला की फायलींची नावं लपवली जायची आणि १८९ डॉलर पनामातल्या टपालपेटीवर पाठवा, असा संदेश यायचा. तेव्हा पैसे गोळा करणं अवघड होतं. इंटरनेट आणि आभासी चलन आल्यावर ते सोपं झालं.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्रायने जगातल्या दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त संगणक बंद पाडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. आता नीट ऐका. ज्या फटीतून वॉनाक्राय आत शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं होतं, त्यांना या हल्ल्याची ती वाट बंद होती. ज्यांनी 'नंतर आठवण करा' हे बटण दाबलं होतं, त्यांच्याकडे ती उघडी राहिली.

मग आपण काय घ्यायचं?

या इतिहासातून एक गोष्ट सतत दिसते. माल ज्या वाटेने फिरतो, रोगही त्याच वाटेने फिरतो. आधी फ्लॉपी, मग सीडी, मग ईमेल, मग पेन ड्राइव्ह, आता व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल. म्हणून दुकानात जाण्याआधी घरात बसून विचारा: आपल्या संगणकात बाहेरून काय, कुठून आणि कोणाच्या हाताने येतं?

विंडोज १० किंवा ११ असेल तर डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस त्यात मुळातच आहे आणि फुकट आहे. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये वेगळा मोफत अँटिव्हायरस दिला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तो विंडोजमध्येच घातला. संगणक एक-दोन जण जपून वापरत असतील, अपडेट वेळेवर होत असतील, तर बऱ्याच घरांना एवढं पुरतं. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून तो चालू आहे का, एवढं मात्र स्वतः पाहा.

विकतचा कधी घ्यावा? संगणक पाच-सहा जण वापरतात, झेरॉक्सच्या दुकानातून आणि फोटो स्टुडिओतून पेन ड्राइव्ह येत-जात असतात, मुलं काय पाहतात यावर मर्यादा हवी आहे, किंवा अडलं की मराठी-हिंदीत फोनवर मदत हवी आहे, तर घ्यावा. घेताना हे विचारा. किती संगणकांसाठी आणि किती वर्षांसाठी? दुसऱ्या वर्षी किंमत काय होणार? पहिल्या वर्षी स्वस्त आणि नूतनीकरणाला महाग, असं पुष्कळदा असतं. पेटीवरचं सील शाबूत आहे का, आणि पावती मिळेल का? आधी महिनाभर चाचणीसाठी वापरून पाहता येतो का? जुना संगणक जड अँटिव्हायरसने रखडायला लागतो आणि मग घरातलं कोणीतरी तो बंदच करून टाकतं. बंद पडलेल्या पहारेकऱ्याचा पगार कशाला द्यायचा? आणि दोन अँटिव्हायरस एकदम कधीच घालू नका, ते एकमेकांशीच झगडतात.

कोणता चांगला, हे जाहिरातीवरून ठरवू नका. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था नेमाने चाचण्या घेतात आणि निकाल फुकट पाहता येतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला ते उघडायला सांगा. पकडले किती, संगणक किती मंदावला आणि संन्याशाला फाशी किती वेळा झाली, हे तिन्ही पाहा.

फुकट आहे म्हणूनही घेऊ नका. अ‍ॅव्हास्टचा मोफत अँटिव्हायरस कोट्यवधी लोक वापरत होते. २०२० मध्ये उघड झालं की लोक इंटरनेटवर काय पाहतात, ही माहिती त्यांचीच एक उपकंपनी विकत होती. ती उपकंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. कुंपणानेच शेत खाल्लं. त्यामुळे बसवताना जिथे 'माहिती पाठवू का' असं विचारलं जातं, तिथे 'नाही' निवडा.

यापेक्षाही महत्त्वाच्या दोन गोष्टी फुकट आहेत. पहिली, विंडोजची अपडेट. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा संगणक तोच असेल तर महागडा अँटिव्हायरस घेण्याआधी विंडोज ११ चालेल का, हे दुकानदाराला विचारा. दुसरी, माहितीची वेगळी प्रत. गटाचा हिशेब आणि घरचे फोटो महिन्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली प्रतही ओलीस जाते. खंडणीचा संदेश आलाच, तर कपाटातली प्रत कामी येते. गटाची कागदी वही तर बंद करूच नका.

संगणकात आधीच काही घुसल्याची शंका असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून सफाईची साधनं मोफत दिली आहेत. आणि ओटीपी सांगून पैसे गेले, तर तिथे कोणताच अँटिव्हायरस उपयोगाचा नाही. वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडकवण्याची शक्यता जास्त. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या मासिक बैठकीत पंधरा मिनिटं या विषयाला द्या. गटाचा हिशेब कोणाच्या संगणकात आहे, त्याची दुसरी प्रत कुठे आहे आणि अँटिव्हायरसची मुदत कधी संपते, एवढी तीन उत्तरं इतिवृत्तात लिहा. काही अडलं तर रेडिओ केंद्रावर पत्र पाठवा, आपण त्यावर पुन्हा बोलू.